झाकणाची कडी

ओंकारने आधी डिओ मारला.

माझ्या बापाचा खाकी शर्ट तालमीच्या हॉलमध्ये खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. आईने तो दोन पाण्यांतून काढला होता. शेजारच्या मावशीकडून इस्त्री मागून आणली होती आणि कॉलर कडक केली होती. नाटकात तो ओंकारला घालायचा होता. ओंकारने शर्ट दोन बोटांच्या चिमटीत उचलला, हात लांब केला आणि बगला, कॉलर, पाठ, सगळीकडे फवारा सोडला. द्राक्षांवर मारतात तसा. हॉलमध्ये पंधरा-सोळा जण होते. सगळे हसले. आमचा दिग्दर्शक, त्याला सगळे दादा म्हणायचे, तोही हसला. मग म्हणाला, "अरे, तिच्यासमोर तरी नको. तिला वाईट वाटेल."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलंय का ते बघायला.

मी हसले.

खोटं नाही सांगत. मीसुद्धा हसले. त्यांच्यापेक्षा जरा मोठ्यानेच. डिओच्या वासाने मला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे ते हसण्याचंच पाणी आहे असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटावं अशी मी सोय करून घेतली. त्या हसण्याचा राग मला ओंकारच्या डिओपेक्षा जास्त येतो. आजही येतो.

शर्ट मीच आणला होता. दादाने सांगितलं होतं, "ओरिजिनल पाहिजे. दुकानातला खाकी शर्ट खोटा दिसतो. तुझ्या घरी असेलच ना?" असणारच. माझा बाप ड्रेनेजचे चेंबर साफ करायचा. शहरातल्या सोसायट्यांमध्ये चेंबर तुंबलं की ठेकेदाराला फोन जायचा, ठेकेदार माझ्या बापाला आणि अजून एकाला टेम्पोत घालून पाठवायचा. हे काम आमच्याच वस्तीतली माणसं का करतात, हा प्रश्न मला कॉलेजात कुणी कधी विचारला नाही. आडनाव सांगितलं की लोकांना उत्तर मिळून जातं. मग ते विषय बदलतात, पावसाबिवसाचं बोलतात.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. पेठ रोडच्या वस्तीतून दोन बस बदलून कॉलेजला यायचे. जुलैत एकांकिका स्पर्धेची मीटिंग झाली. दादा कॉलेजचा माजी विद्यार्थी, दर वर्षी आमच्या कॉलेजची एकांकिका बसवायचा. खादीचा कुर्ता, चपला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीवर मूठ आवळलेला हात छापलेला. तो म्हणाला, "या वर्षी कौटुंबिक नको, कॉमेडी नको. या वर्षी आग पाहिजे. नाटक म्हणजे निषेध. कुणाकडे काही आहे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आग कुणाच्याच घरी नव्हती. मी हात वर केला.

मी सांगितलं ते असं. दीड वर्षापूर्वी माझा बाप एका सोसायटीत चेंबर साफ करायला गेला. माझ्या बापाची एक पद्धत आहे. पहारीने झाकण सरकवायचं आणि लगेच मागे व्हायचं. वाकून आत तोंड घालायचं नाही. वारा पाठीवर घ्यायचा. पुढचं-मागचं चेंबरही उघडं करून ठेवायचं. मग बसून बिडी ओढायची, पण लांब बसून. आणि बघत राहायचं. काय बघायचं? झुरळं. आत झुरळं पळताना दिसली तर हवा आहे. झुरळं दिसली नाहीत, किंवा मेलेली दिसली, तर आत गॅस आहे. झुरळ जिथे जगत नाही तिथे माणसाने उतरायचं नाही. हे त्याला कुणी शिकवलं नाही. त्याच्याबरोबरची माणसं खाली राहिली, त्यावरून तो शिकला.

त्या दिवशी झुरळ दिसलं नाही. अर्धा तास थांबला, तरी नाही. माझ्या बापाने झाकण परत सरकवलं आणि त्याच्यावर बसला. सोसायटीचे चेअरमन आले. वरच्या बाल्कन्यांतून लोक वाकून बघायला लागले. कुणीतरी वरून ओरडलं, "अहो, पाहुणे आलेत घरी, उरका ना." चेअरमननी ठेकेदाराला फोन लावून फोन माझ्या बापाच्या कानाला लावला. ठेकेदार पलीकडून शिव्या देत होता. माझ्या बापाने सगळ्या ऐकून घेतल्या आणि एवढंच म्हणाला, "झुरळ नाय, तर मी नाय."

आणि तो उतरला नाही. त्याच्याबरोबरचा माणूसही उतरला नाही. दोघांचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच सोसायटीत मशीनची गाडी आली आणि वीस मिनिटांत चेंबर मोकळं झालं. मशीन होतं. ते आधीपासून ठेकेदाराच्या गोडाऊनला उभं होतं.

मी हे सांगून संपवलं तेव्हा दादाने डोळे मिटले होते. मग उघडले आणि म्हणाला, "हेच. लिही."

मी अकरा पानं लिहिली. वहीत, हाताने. माझ्या नाटकाचं नाव होतं 'झाकण'. शेवटच्या पानावर माणूस झाकणावर बसलेला असतो, आजूबाजूला सगळे ओरडत असतात, तो उठत नाही, आणि पडदा. मला तेव्हा नाटक कसं लिहितात ते माहीत नव्हतं. पण माझा बाप आयुष्यात एकदा "नाय" म्हणाला होता आणि ते "नाय" दिवे लावून, हजार माणसांसमोर, स्टेजवर म्हटलं जावं एवढं मला पाहिजे होतं. दुसरं काहीच नको होतं.

दादाने वही नेली. आठ दिवसांनी टाइप केलेलं नाटक आणलं. वर नाव होतं 'काळोखगर्भ'. लेखन आणि दिग्दर्शन दादाचं. खाली बारीक अक्षरांत मी, 'संशोधन साहाय्य'.

मी वाचलं. झुरळं नव्हती.

"झुरळं काढली," दादा म्हणाला. "लोक हसतील गं. सगळा परिणाम जाईल."

शेवट बदलला होता. नव्या शेवटात माणूस आईची आठवण काढतो, आकाशाकडे बघतो, दोन पानांचं स्वगत म्हणतो आणि उतरतो. धूर येतो. आतून एक हात येतो आणि त्याला खेचून घेतो. मग गाणं. मग अंधार.

मी म्हणाले, "पण माझे आप्पा उतरले नव्हते."

"मला कळतंय," दादा म्हणाला. समजूतदार माणसं बोलतात तसा, हळू, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "पण उतरले नाहीत तर नाटक कुठे आहे? कुणीतरी मेल्याशिवाय लोकांना काही वाटत नाही. आणि माणसं मरतातच ना खरोखर? मी खोटं लिहिलंय का?"

खोटं नव्हतं. आमच्या वस्तीत चेंबरात राहिलेल्या माणसांचे फोटो हार घालून भिंतींवर आहेत. आणि त्याच्याकडे शब्द होते, कॅथार्सिस, शोकात्मिका, अजून कायकाय. माझ्याकडे बाप होता फक्त. मी गप्प बसले.

का बसले, तेही सांगते. मला तिथे राहायचं होतं. तालीम संपली की सगळे मिसळ खायला जायचे आणि मला "चल गं" म्हणायचे. ग्रुपवर माझं नाव होतं. वर्गात पहिलं अख्खं वर्ष माझ्या बाकावर कुणी धड बसलं नव्हतं, आणि इथे मला कुणी डोक्यावर टपली मारत होतं, कुणी माझ्या प्लेटमधला पाव उचलत होतं. माझ्या प्लेटमधला! त्या पावासाठी मी माझं शेवटचं पान दिलं. असा व्यवहार होता तो, आणि मी तो डोळे उघडे ठेवून केला.

मग नेपथ्य आलं. लाकडाची मोठी लेव्हल, म्हणजे स्टेजवरचा चौथरा, अडीच फूट उंच, मधोमध गोल भोक, त्याच्यावर प्लायवूडचं झाकण, करडा रंग दिलेलं. लांबून सिमेंटचंच वाटायचं. पहिल्याच तालमीत ओंकारचा पाय झाकणासकट आत गेला आणि त्याचा घोटा सुजला. म्हणून सुताराने झाकणाला आतून कडी बसवली. आता आत एक माणूस बसवायला लागणार होता. नाटकभर कडी लावून ठेवायची. शेवटी ओंकारने टाचेने दोनदा ठोकलं की कडी काढायची, झाकण खाली घ्यायचं, धूर सोडायचा आणि हात वर काढून त्याला ओढायचं.

"कोण बसेल?" दादाने विचारलं.

लेव्हलखाली अंधार होता, धूळ होती, आणि पाऊण तास गुडघे पोटाशी घेऊन बसायचं होतं. कुणी पुढे झालं नाही. एक मुलगी म्हणाली मला गुदमरतं. एक म्हणाला माझी उंची जास्त आहे.

दादाने माझ्याकडे बघितलं. "तू बसशील? तुला तसं काही वाटणार नाही."

तुला तसं काही वाटणार नाही. तो वाईट हेतूने म्हणाला नव्हता, हे मला आजही माहीत आहे. आणि तेच जास्त लागतं. त्याने विचारच केला नव्हता. पंधरा जणांच्या हॉलमध्ये त्याला भोकात बसवायला एक माणूस पाहिजे होता, आणि निषेधाचं नाटक बसवता बसवता त्याचा हात आपोआप माझ्याकडे वळला. ठेकेदाराचा टेम्पो आमच्याच वस्तीकडे वळतो तसाच. मी आत जाऊन बसले.

तीन आठवडे मी त्या भोकात बसून माझ्या बापाचं मरण ऐकलं. रोज. आतून काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. डोक्यावर ओंकारच्या टाचा. ओंकार रोज झाकण सरकवल्याचा अभिनय करायचा आणि लगेच वाकून आत तोंड घातल्यासारखं करायचा. पहिल्या आठवड्यात मी बाहेर येऊन त्याला सांगितलं, "असं वाकायचं नसतं. मागे व्हायचं असतं. हे काम करणारा कुणी असं करणार नाही." तो म्हणाला, "पण वाकलो नाही तर माझ्या चेहऱ्यावर लाइट कसा येणार?" त्याचंही बरोबर होतं. त्याला चेहऱ्यावर लाइट पाहिजे होता.

प्राथमिक फेरीत आम्ही पहिले आलो. नाटक संपल्यावर मी लेव्हलखालून रांगत बाहेर आले तेव्हा विंगेत गर्दी होती. प्रेक्षकांतल्या एक बाई आत आल्या होत्या. कानांत मोती, डोळे लाल. त्यांनी ओंकारचे दोन्ही हात धरले. ओंकारच्या तोंडाला काळं फासलेलं होतं, अंगात माझ्या बापाचा शर्ट. बाई हुंदके देत म्हणाल्या, "किती सोसता रे तुम्ही लोक. किती सोसता." ओंकार राहायला कॉलेज रोडला. तीन बेडरूमचा फ्लॅट. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "थँक यू मॅम."

मी बाजूला उभी होते. केसांत धूळ, गुडघे काळे. बाई वळल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जरा बाजूला होतेस का?" आणि निघून गेल्या.

मला हसू आलं. या वेळचं हसू वेगळं होतं. मी पहिल्यांदा नीट बघितलं की त्या बाई किती मोकळ्या झाल्या होत्या. रडून त्यांचा चेहरा हलका झाला होता. त्या आता घरी जाणार होत्या, त्यांच्या सोसायटीत, आणि तिथे चेंबर तुंबलं की चेअरमन फोन लावणार होता, आणि त्यांना काही अडचण नव्हती. कारण माणूस मेला होता. मेलेल्यासाठी रडायचं असतं, ते त्यांनी केलं होतं. माणूस झाकणावर बसून राहिला असता तर त्यांना काय करावं लागलं असतं? उत्तर द्यावं लागलं असतं. आता माझ्या चेंबरात कोण उतरेल, याचं उत्तर. मला कॅथार्सिस शब्दाचा अर्थ त्या दिवशी विंगेत कळला. त्यात आमचा एक माणूस जातो आणि त्यांना बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात दादाचा फोटो आला. तो म्हणाला होता की या नाटकासाठी मी स्वतः वस्तीवस्तीत फिरलो. आमच्या वस्तीत तो कधी आला नाही. आला असता तर आईने चहा केला असता, आणि तो त्याला प्यावा लागला असता.

अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी दादाने मला बाजूला घेतलं. "उद्या तुझे आई-बाबा येतायत ना? ग्रेट. नाटक संपलं की मी त्यांना स्टेजवर बोलावणार. खरा नायक म्हणून. सगळं थिएटर उभं राहील बघ." मला क्षणभर बरं वाटलं. मग तो म्हणाला, "फक्त एक. त्यांना सांग, फार तयार होऊन येऊ नका. कामावरच्या कपड्यांतच येऊ दे. म्हणजे लोकांना कनेक्ट होईल."

"त्यांचा शर्ट ओंकारकडे आहे," मी म्हणाले.

"मग दुसरा असेल ना एखादा. मळलेला. प्लीज."

मी घरी गेले. माझा बाप दारात बसून दाढी करत होता. चेंबरचं काम सुटल्यापासून तो मार्केट यार्डात भाजीच्या क्रेट उचलायचा. मी नाटकाचा शेवट त्याला सांगितला नव्हता. त्याला वाटत होतं, उद्या आपलं "नाय" ऐकायला जायचंय. त्याने वस्तीत चार जणांना सांगूनही ठेवलं होतं.

"उद्या काय घालू गं?" त्याने विचारलं. "लय मोठं थेटर हाय म्हणते तुझी आई."

दादाचा निरोप माझ्या तोंडापर्यंत आला होता. प्लीज म्हणून पाठवलेला निरोप. आणि मला एकदम कळलं की मी हा निरोप पोचवला तर माझ्यात आणि त्या ठेकेदारात काही फरक राहणार नाही. तोही निरोपच पोचवायचा.

"पांढरा घाला," मी म्हणाले. "ताईच्या लग्नातला."

"आन् शेवटाला मी बसतो ना त्या झाकणावर?"

मी म्हणाले, "बसता."

हे म्हणताना मी काय ठरवलं होतं, असं विचाराल तर काहीच नाही. एक शब्द तोंडातून गेला होता आणि आता तो खरा करणं भाग होतं.

अंतिम फेरी. मोठं नाट्यगृह, खच्चून भरलेलं. मी लेव्हलखाली शिरायच्या आधी पडद्याच्या फटीतून बघितलं. शेवटून तिसऱ्या रांगेत माझा बाप बसला होता. पांढरा शर्ट, आईच्या डोक्यावर पदर, दोघं खुर्चीच्या कडेवर, पाठ न टेकता. जणू कुणी उठवायला येणार आहे.

नाटक सुरू झालं. मी आत, कडीवर हात. ओंकार चांगलं काम करत होता, नाही म्हणत नाही. त्याचं स्वगत सुरू झालं. आई आली, आकाश आलं, गाण्याचे सूर सुरू झाले. मला दादाची भीती वाटत होती. ग्रुपची, मिसळीची, ज्या माणसांनी मला "चल गं" म्हटलं होतं त्या सगळ्यांना मुकण्याची. भीती खूप होती. ती गेलीच नाही. मी भीतीसकट तिथे बसले होते.

टाच वाजली. ठक ठक.

मी कडी काढली नाही.

परत वाजली. जोरात. मग ओंकार कुजबुजला, "उघड ना." मी कडी घट्ट धरून ठेवली. "अगं, उघड! झोपलीस काय?" वर गाणं चालू होतं, मरणाचं गाणं, आणि माणूस मरत नव्हता. त्याने पाय आपटला. लेव्हलचा भुसा माझ्या डोळ्यांत पडला. प्रेक्षकांत कुणीतरी फिसकन हसलं. मग अजून कुणी. गाणं संपलं. ओंकारला पुढचं काहीच येत नव्हतं, कारण पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. लाइटवाल्याला अंधार करायची खूण मिळेना, म्हणून लाइट तसाच.

मग माझ्या डोक्यावर धप्पकन वजन आलं. ओंकार झाकणावर खाली बसला होता. दुसरं काय करणार बिचारा.

आणि लांबून, शेवटून तिसऱ्या रांगेतून, माझ्या बापाचा आवाज आला. तो नाटक बघत नव्हता. तो त्या सोसायटीत होता.

"बस तसाच! उठू नको! अजाबात उतरू नको!"

कुणी हसलं नाही. पडदा पडला.

झाकण बाहेरून कुणीतरी ठोकरून काढलं. दादाने मला दंडाला धरून वर ओढलं. "तुला कळतंय का तू काय केलंस? दोन महिन्यांची मेहनत! एवढ्या मुलांची!" मग आवाज फाटला त्याचा. "आणि हे सगळं मी कुणासाठी करत होतो? तुमच्याच लोकांसाठी ना?"

मी म्हणाले, "आमचा माणूस मेला नाही तर तुमचं नाटक होत नाही का?"

ओंकार शर्टाची बटणं काढत होता. मी त्याच्यासमोर जाऊन हात पुढे केला. त्याने शर्ट दिला. तो घामाने भिजला होता, ओंकारच्या घामाने. मी तो घडी करून पिशवीत ठेवला. खरा नायक वगैरे कुणी स्टेजवर बोलावला नाही.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, प्रयत्न प्रामाणिक, शेवट फसला. त्याच संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं. सांस्कृतिक विभागाच्या मॅडमनी बोलावून कोरा कागद पुढे केला, माफी लिहून दे म्हणाल्या. मी म्हणाले कशाबद्दल ते आधी तुम्ही लिहा, मग मी सही करते. त्यांनी कागद परत ओढून घेतला. पुढचं दीड वर्ष मला कॉलेजच्या स्टेजवर चढू दिलं नाही. माझ्या बाकावरची जागा परत रिकामी झाली. लढाई जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. कित्येक दुपारी मी लायब्ररीत बसून रडलेय. मला मिसळीचीसुद्धा आठवण यायची, लाज वाटते सांगायला, पण यायची.

अंतिम फेरीनंतर घरी जाताना बसमध्ये माझा बाप म्हणाला, "पोरगं बरं हाय. पन चुकीच्या बाजूला उभं राह्यतंय. वारं तोंडावर घेतंय." एवढीच समीक्षा. मला मिळालेल्यांपैकी तीच एक कामाची.

मी वहीतली अकरा पानं परत लिहून काढली. झुरळं परत आली. आता आम्ही 'झाकण' करतो. आम्ही म्हणजे वस्तीतले सहा जण, त्यातले दोघं आजही चेंबरचंच काम करतात. नाट्यगृह नाही, धूर नाही, गाणं नाही. सोसायटीच्या गेटबाहेर, रस्त्यावरच्या खऱ्या झाकणावर करतो. रविवारी सकाळी, लोक घरात असतात तेव्हा. बाल्कन्यांतून बघतात. काही ठिकाणी टाळ्या पडतात. बहुतेक ठिकाणी वॉचमनला पाठवतात. एकदा वरून पाण्याची बादली पडली. एकदा पोलीस आले आणि परवानगी विचारली. मी विचारलं, "चेंबरात माणूस उतरवायला कुणाची परवानगी लागते, ते सांगता का?" त्यांनी आम्हाला दोन तास चौकीत बसवून ठेवलं. पुढच्या रविवारी आम्ही दुसऱ्या सोसायटीबाहेर उभे होतो.

अजून माणसं उतरवली जातातच. आमच्या नाटकाने ते थांबलेलं नाही. या महिन्यातच आमच्यातल्या एकाला ठेकेदाराने सांगितलं, नाटकं बंद कर नाहीतर काम बंद. तो तालमीला आला. पुढच्या वेळी येईल का, माहीत नाही. तो नाही आला तरी मी त्याला बोल लावणार नाही.

मागच्या आठवड्यात दादाचा मेसेज आला. तीन वर्षांनी. त्याला माझा शेवट आता 'फार स्ट्राँग' वाटतो. मुंबईच्या एका महोत्सवासाठी त्याला नाटक परत करायचंय. सहलेखिका म्हणून माझं नाव देईल. फक्त मधे कुठेतरी एक मृत्यू पाहिजे, दुसऱ्या कुणाचा चालेल, त्याशिवाय नाटकाला वजन येत नाही.

मी उत्तर पाठवलंय. लेखिका मी एकटी. एक ओळ इकडची तिकडे होणार नाही. आणि मृत्यू कुणाचाच मिळणार नाही, दुसऱ्याचाही नाही, मागितला तरी नाही. माझ्या नाटकात आमचा माणूस मरणार नाही. ज्यांना रडायचंय त्यांनी दुसऱ्या नाटकाचं तिकीट काढावं.